जुन्या लॉरात कोणतं ऑइल टाकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 2008 ची स्कोडा लॉरा, 1.9 टीडीआय (म्हणजे टर्बो डिझेल), 1,86,000 किलोमीटर झालेली, वर्षापूर्वी सेकंडहँड घेतलेली. सकाळी पहिल्या स्टार्टला थोडी टिकटिक होते आणि दोन-तीन महिन्यांत थोडं ऑइल वर टाकावं लागतं. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, "गाडी जुनी झाली, त्यात टर्बो. वीस-पन्नास टाका, आवाज बंद होईल." (म्हणजे 20डब्ल्यू-50, जाड ऑइल.) ऑइलच्या दुकानात मात्र 5डब्ल्यू-30 फुल सिंथेटिकचा महागडा डबा पुढे करतात. नक्की कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही ऐकू नका. तुमच्या गाडीला 5डब्ल्यू-40 लागतं. पण तेवढंच सांगितलं तर उत्तर अर्धवट राहील. डबा उलटा करून मागच्या बाजूला "व्हीडब्ल्यू 505 01" असं लिहिलेलं आहे का ते बघा. व्हीडब्ल्यू म्हणजे फोक्सवॅगन, स्कोडाची मालक कंपनी, आणि हा तिने ठरवलेला ऑइलचा दर्जा. 505 00 नाही, 505 01. या एका आकड्यापायी मी इंजिनं उघडलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी माझ्या गावची आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, या लॉरा जोडल्या जायच्या. त्यामुळे आमच्या भागात त्या अजून भरपूर दिसतात. 1.9 टीडीआय म्हटलं की इंजिन पीडी (पंप आणि नोझल एकत्र) जातीचं, 105 हॉर्सपॉवरचं. (2.0 मध्ये सुरुवातीला पीडी आणि नंतर कॉमन रेल असे दोन्ही प्रकार आले. 2.0 वाल्यांनी आपलं इंजिन कोणतं हे आधी पक्कं करावं.) पीडीत कॉमन रेलसारखा एक मोठा पंप आणि सगळ्या नोझलना जोडणारी नळी नसते. प्रत्येक सिलिंडरच्या नोझलचा स्वतःचा छोटा पंप असतो आणि तो पंप कॅमशाफ्टच दाबते. डिझेलचा दाब जातो साधारण 2,000 बारपर्यंत. म्हणजे झडपा उघडण्याबरोबरच नोझल दाबायचं कामही त्याच कॅमच्या माथी आलं.

आता हेडमधली जागा तर तेवढीच. एका सिलिंडरला झडपांच्या दोन लोब (कॅमवरचे उंचवटे) आणि नोझलची तिसरी लोब बसवायची, म्हणून झडपांच्या लोब अरुंद केल्या. गंमत अशी की नोझलवाल्या लोबवर रोलर असतो, त्यामुळे ती सहसा झिजत नाही. झिजते ती झडपेची अरुंद लोब, कारण ती टॅपेटच्या (झडपेवर बसणाऱ्या वाटीच्या) सपाट तोंडावर सरळ घासत जाते. त्या घासण्याच्या जागी दाब इतका असतो की ऑइलचा थर जवळपास पिळून निघतो. तिथे ऑइल जाड आहे की पातळ याला फारसा अर्थ उरत नाही. धातू वाचतो तो ऑइलमध्ये मिसळलेल्या झीजरोधक रसायनांमुळे, मुख्यतः जस्त आणि फॉस्फरसच्या संयुगांमुळे. 505 01 हा दर्जा याच इंजिनांसाठी काढला. तो मिळवायला ऑइलला पीडी इंजिनावरची कॅम-टॅपेटची झीज तपासणारी चाचणी पास व्हावी लागते. 505 00 जुन्या, पीडीच्या आधीच्या डिझेल इंजिनांसाठी होता. त्यात ही परीक्षाच नाही.

मिस्त्रींचा राग करू नका. त्यांचा सल्ला अगदी हवेतून आलेला नाही. जाड ऑइल टाकलं की टॅपेटचा आवाज खरंच दबतो, धूर थोडा कमी दिसतो, ऑइल खाणंही काही काळ कमी होतं. ॲम्बॅसेडर आणि जुन्या जीपच्या काळापासून हा उपाय चालत आलाय आणि त्या इंजिनांत तो चालूनही जायचा. मीसुद्धा सुरुवातीला हेच केलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पीडीत मी बॅरलमधलं 15डब्ल्यू-40, सीआय-4 (ट्रक-टेम्पोच्या डिझेल इंजिनांचा दर्जा) ऑइल भरलं. टेम्पोला चालतं, बोलेरोला चालतं, मग हिला का नाही, असा माझा हिशोब. वर्षभराने गाडी परत आली ती टिकटिक घेऊन, पिकअप गेलेला, सेल जास्त मारावा लागत होता. वरचं कव्हर काढलं तर दोन लोबच्या कडा खाल्लेल्या आणि एका टॅपेटच्या तोंडात बोटाला जाणवेल असा खड्डा. कॅम, आठही टॅपेट, कॅमच्या बेअरिंग, टायमिंग बेल्टचं किट, वर मजुरी. अर्धं बिल मी भरलं. त्या आधी ती गाडी कोणत्या ऑइलवर चालली होती हे मला ठाऊक नाही, त्यामुळे सगळा दोष माझ्याच बॅरलचा असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून डब्याची मागची बाजू वाचल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

सीआय-4 ऑइल वाईट असतं असं नाही. ट्रक-टेम्पोच्या काजळीसाठी ते उत्तम आहे. फक्त त्याची परीक्षा वेगळ्या इंजिनांवर झालेली असते.

आता टर्बोचं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला बॉल बेअरिंग नसते. तो साध्या बुशमध्ये ऑइलच्या थरावर तरंगत असतो. तुमच्या टर्बोला पाण्याचं कूलिंगही नाही, थंडावा मिळतो तो ऑइलचाच. ऑइल तिथे पोचतं एका बारीक पाइपातून आणि उतरतं आपल्या वजनाने चेंबरमध्ये. म्हणून स्टार्ट केल्यानंतरचे पहिले काही सेकंद महत्त्वाचे. 5डब्ल्यू-40 मधला "डब्ल्यू" विंटरचा. आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग विंटरचा काय संबंध, असं लोक विचारतात. संबंध असा की इंजिनाच्या दृष्टीने 20 अंशांची सकाळसुद्धा थंडच. 40 अंशांना वीस-पन्नास ऑइल पाच-चाळीसच्या जवळपास दुप्पट घट्ट असतं, त्याखाली फरक आणखी वाढत जातो. डिसेंबरात मराठवाड्यात पारा 10 अंशांवर आला की बॅरलमधलं वीस-पन्नास मापात ओतताना काकवीसारखं संथ पडतं. ते त्या बारीक पाइपातून टर्बोत चढेपर्यंत दांडा बुशमध्ये आधीच्या उरल्यासुरल्या ऑइलवर फिरत असतो.

मग मागचा आकडा 40 च का, 30 का नाही? 100 अंशांवर 30 नंबरचं ऑइल 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्समध्ये (हे घट्टपणाचं माप) बसतं, 40 नंबरचं 12.5 ते 16.3 मध्ये, आणि 50 नंबरचं त्याच्याही वर, 21.9 पर्यंत. पण टर्बोच्या दृष्टीने याहून मोलाचा एक आकडा आहे, त्याला एचटीएचएस म्हणतात. 150 अंशांवर, जोरात घासलं जात असताना ऑइल किती जाड राहतं याचं ते माप. जुन्या टर्बो डिझेलला ते 3.5 च्या खाली नको. बाजारातली बरीचशी 5डब्ल्यू-30 ऑइल इंधन वाचवण्यासाठी बनवलेली असतात, त्यांचं माप 2.9 पासून सुरू होतं. दुकानदाराने पुढे केलेला डबा बहुधा त्यातलाच. डब्यावर "एसीईए ए5/बी5" किंवा "सी2" (हे युरोपातले ऑइलचे दर्जे) लिहिलं असेल तर खाली ठेवून द्या. "ए3/बी4" किंवा "सी3" असेल तर 3.5 ची हमी आहे, पण तरीही 505 01 शोधायचंच.

याला एक अपवाद आहे. 5डब्ल्यू-30 मध्येच "व्हीडब्ल्यू 504 00 / 507 00" मंजुरी असलेलं ऑइल मिळतं. 507 00 मध्ये चार सिलिंडरच्या पीडीची गरज भागते, त्याचं एचटीएचएसही 3.5 असतं. पूर्वी मी ते आपल्याकडे टाकायचं टाळायचो. कारण डिझेल. बीएस-3 डिझेलमध्ये 350 पीपीएमपर्यंत गंधक चालायचं, 2010 पासून पुणे, मुंबई, सोलापूर अशा मोजक्या 13 शहरांत 50 पीपीएमचं आलं, बाकीच्यांना वाट बघावी लागली. गंधक जळून आम्ल तयार होतं आणि ते मारायला ऑइलमध्ये क्षार भरपूर लागतो. 507 00 मध्ये तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण ते डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांसाठी बनवलंय. एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएमचं डिझेल आहे, त्यामुळे ती भीती आता राहिली नाही. पण तुमच्या लॉराला डीपीएफ नाही. जे ऑइल फिल्टर वाचवायला महाग केलंय ते बिनफिल्टरच्या गाडीत कशाला? 505 01 चं 5डब्ल्यू-40 मिळत असेल तर तेच घ्या. नाहीच मिळालं तर 507 00 चालेल. 505 00 मात्र नाही.

दुकानात कसं वाचायचं तेही सांगतो, कारण फसगत तिथेच होते. समोरच्या बाजूला "टर्बो", "डिझेल", "फुल्ली सिंथेटिक", "मॅक्स" असं काहीही असतं, त्याला काही किंमत नाही. मागे बारीक अक्षरांत दर्जांची यादी असते. पुष्कळ डब्यांवर "व्हीडब्ल्यू 502 00 / 505 00" असं जोडीने दिलेलं असतं. चष्मा नसेल तर ते 505 01 वाटतं आणि काउंटरवरचा पोरगा "हेच ते" म्हणून देऊनही टाकतो. मोतुलचं तर "स्पेसिफिक 505 01 502 00" या नावाचंच ऑइल आहे, त्यात गोंधळाला जागा नाही. इतर मोठ्या कंपन्यांचीही आहेत, पण एकाच नावाच्या डब्यावरची मंजुरी काही वर्षांनी बदललेली मी पाहिली आहे. म्हणून नाव पाठ करू नका, प्रत्येक वेळी मागची बाजू वाचा. आणि "अप्रूव्हल" या शब्दाखाली आकडा आहे की "मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ" च्या पुढे, तेही बघा. पहिल्यात गाडी बनवणाऱ्याची सही असते, दुसऱ्यात ऑइल विकणाऱ्याचा शब्द.

नकली मालाबद्दल एकच गोष्ट: ऑइल टाकून झालं की रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. तुमच्यासमोर स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडून घ्या. चांगले रिकामे डबे भंगारात किलोवर जात नाहीत, नगावर जातात. का, ते तुम्हीच ओळखा.

आता तुमच्या टिकटिकीकडे येतो. ऑइल ठरवण्याआधी मी ही गाडी बघितली असती, आणि बघताना पहिल्यांदा डिपस्टिक काढली असती. ऑइल काळं आहे का हे बघायला नाही. डिझेलचं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं, तो काजळी धरून ठेवण्याचा त्याचा गुण आहे. मी बघतो ती पातळी आणि वास. पीडीत डिझेल हेडच्या आतून नोझलपर्यंत जातं. नोझलवरच्या रबरी रिंगा कडक झाल्या, किंवा हेडच्या टोकाला असलेला टँडम पंप आतून गळायला लागला, की डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. 15-17 वर्षांच्या गाडीत हे सर्रास दिसतं. अशा वेळी ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. मालक खूश असतो की गाडी ऑइल खात नाही! डिपस्टिकचा थेंब बोटावर चोळून वास घ्या. डिझेलचा वास स्पष्ट येतो, आणि ऑइल रॉकेलसारखं सुळसुळीत लागतं. तसं असेल तर जगातलं सर्वांत चांगलं 505 01 सुद्धा महिन्याभरात पातळ होऊन कॅम खाईल, आणि वीस-पन्नास टाकून तो रोग फक्त झाकला जाईल. आधी सील, मग ऑइल.

तुमची गाडी थोडं खाते म्हणताय, म्हणजे पातळी वाढत नाही, हे एका परीने बरं. पण मोजून बघा. डिपस्टिकच्या खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण लिटरभर ऑइल असतं. स्कोडाचं मॅन्युअलच हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खाणं चालतं म्हणतं. तुमचं त्याच्या कितीतरी आत आहे, त्यासाठी जाड ऑइलची गरज नाही. इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा हलका थर दिसला तरी घाबरू नका, तो ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येतो. होज उपसली आणि ऑइल ओघळलं, तर मात्र टर्बोचा दांडा हलवून बघायची वेळ आली. तिथे हलगर्जी नको. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून पळायला लागतं, किल्ली बंद करूनही थांबत नाही. तसं झालंच तर वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं.

टिकटिक स्टार्टनंतर दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर हायड्रॉलिक टॅपेट रात्रभरात रिकामे होतात, एवढंच. 5डब्ल्यू ऑइलने तेही कमी होईल. गरम झाल्यावरही आवाज राहत असेल, तर वरचं कव्हर काढून कॅम डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऑइलवर पैसे घालू नका. कव्हर काढायला फार वेळ लागत नाही. बॅटरीचा प्रकाश लोबच्या टोकावर तिरका पाडायचा. चांगली लोब रुंदीभर एकसारखी चमकते. झिजलेलीची कड बोथट होते, टोकावर बारीक ओरखडे दिसतात.

पहिल्या मालकाने काय टाकलं होतं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून पहिल्या बदलाबद्दल. फ्लशिंग लिक्विड टाकू नका. बाजारात त्याचा मोठा आग्रह असतो, काही गॅरेज तर न विचारता बिलात लावतात. जुन्या इंजिनात तळाला बसलेला गाळ फ्लशने एकदम सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. मग टर्बो पहिला उपाशी. त्याऐवजी चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून फक्त 2,000 किलोमीटर चालवा, काढून टाका, पुन्हा भरा. गाळ हळूहळू ऑइलमध्ये येतो आणि फिल्टरमध्ये राहतो. पहिल्या बदलाचा फिल्टर फेकू नका. या गाडीचा फिल्टर वरून निघणारा कागदी असतो, घड्या उलगडून उन्हात धरा. काळी काजळी ठीक. चांदीसारखे कण लुकलुकले तर कॅम किंवा बेअरिंगची चौकशी करा.

फिल्टरच्या झाकणाची रबर रिंग दर वेळी नवी, झाकण 25 न्यूटन-मीटरवर. त्याहून जोर लावला की पुढच्या वेळी ते प्लास्टिक फुटूनच निघतं. ऑइल आधी साडेतीन लिटर भरा, इंजिन मिनिटभर चालवून थांबा, मग डिपस्टिक बघत बघत वर न्या. वरच्या खुणेच्या वर मुळीच नको. स्टार्ट केल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका.

किती किलोमीटरला बदलायचं? कंपनीचं माप 15,000 किंवा एक वर्ष. नव्या गाडीला ठीक होतं. तुमच्या गाडीला मी शहरात 7,500, हायवेवर 10,000, आणि कमी चाललीच तर वर्षातून एकदा म्हणेन. महाग ऑइल दोन वर्षं ओढण्यापेक्षा योग्य दर्जाचं साधंसं ऑइल वेळेवर बदललेलं मला जास्त पसंत आहे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा यांचं 1.3 मल्टिजेट इंजिन (रांजणगावलाही बनायचं ते) कुणाकडे असेल तर त्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं. त्यात ऑइल मुळात तीन लिटरच्या आसपास, आणि टायमिंग चेनचा ताण ऑइलच्या दाबावर. ऑइल खाली गेलं की चेन सैल, आणि चेनने दात सोडला की झडपा पिस्टनवर. त्या इंजिनाला 505 01 लागत नाही, पण उशीर चालत नाही.

एक सवय ऑइल इतकीच मोलाची आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या टर्बोंच्या तक्रारी थोड्या बदलल्यात. लोक तासन्‌तास 120 ने चालवतात, फूड प्लाझाला आत वळतात आणि लगेच किल्ली फिरवतात. टर्बो लालबुंद तापलेला, दांडा अजून फिरतोय, आणि ऑइल बंद. जे ऑइल बुशमध्ये अडकलं ते तिथेच जळून कोळसा होतं. हे थर वर्षानुवर्षं साचतात आणि तो बारीक पाइप अरुंद करतात. वळण्याआधीचे शेवटचे दोन किलोमीटर आरामात चालवलं तर वेगळं उभं राहायची गरज पडत नाही. कन्नडचा घाट चढून वर चहाला थांबलात, तर मात्र मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, तोवर चहा सांगून होतो.

नवं ऑइल टाकल्यावर पहिला महिना दर आठवड्याला, सपाट जागी, सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक बघा आणि पातळी लिहून ठेवा. थोडी खाली जात असेल तर त्याच दर्जाचं वर टाका आणि निवांत चालवा. वर चढताना दिसली, तर दुसरा बदल लांबणीवर टाका आणि आधी हेडवरचे नोझलचे सील आणि टँडम पंप बघून घ्या.